अनोळखी प्रमोटर कसा वाचायचा: जीवाणूंच्या जनुक-नियंत्रणाची पहिली ओळख

जनुक-नियंत्रण शिकायला बसलेला नवखा माणूस बहुधा आधी ऑपरॉनांचा, म्हणजे एकत्र चालणाऱ्या जनुकांच्या गटांचा, एक तक्ता पाठ करतो. लॅक ऑपरॉन: ऋण नियंत्रण (प्रथिन बसलं की जनुक बंद). ट्रिप ऑपरॉन: तेही ऋण, पण उलट्या बाजूने. अॅरा: धन आणि ऋण दोन्ही. परीक्षा झाली की तक्ता विसरतो, आणि पुढे एखादं नवंच प्रथिन समोर आलं की हाताशी काही उरत नाही. मीही असाच शिकलो. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की नावं बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारले तर निम्मं काम होतं. हे प्रथिन डीएनएवर नेमकं कुठे बसतं? आणि तिथे बसल्यामुळे प्रतिलेखनाच्या, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवण्याच्या, सुरुवातीची कोणती पायरी अडते किंवा मोकळी होते?

खाली हेच दोन प्रश्न घेऊन एक खराखुरा प्रमोटर, म्हणजे प्रतिलेखन जिथून सुरू होतं ती डीएनएची जागा, वाचून दाखवतो. कागद आणि पेन्सिल घेऊनच बसा. नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही.

त्याआधी, जीवाणू सुरुवातीलाच एवढा पहारा का ठेवतो? ई. कोलाय या जीवाणूच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या आहेत आणि प्रथिनांची जनुकं साधारण ४,३०० आहेत. आरएनए पॉलिमरेज या आरएनए बनवणाऱ्या यंत्राचे रेणू मात्र पेशीत काही हजारच असतात, आणि पेशी वेगाने वाढत असेल तर त्यांतले बरेचसे रायबोसोमचा आरएनए बनवण्यात गुंतलेले असतात. त्यामुळे कोणाला कुठे कामाला लावायचं हा रोजचाच प्रश्न आहे. शिवाय जीवाणूचा संदेशवाहक आरएनए फार टिकत नाही, बहुतेक रेणू काही मिनिटांत मोडले जातात. सुरुवात थांबवली की थोड्याच वेळात उत्पादन आपोआप बंद पडतं, आणि न बनलेल्या आरएनएवर काही खर्चही झालेला नसतो.

पायरी १: यंत्र ओळखा

पॉलिमरेजच्या गाभ्यात पाच घटक असतात: दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा-प्राइम आणि एक छोटासा ओमेगा. हा गाभा आरएनए बनवू शकतो, पण सुरुवात कुठून करायची हे त्याला कळत नाही. ते कळतं सिग्मा या सहाव्या घटकाला. १९६९ साली सिग्माचा शोध लागला तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं की सिग्मा बदलला तर यंत्र वेगळे पत्ते वाचू लागेल. त्याकडे पुढे येऊच.

आत्ता दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सिग्माचा एक भाग -१० ची खूण वाचतो आणि दुसरा -३५ ची (हे आकडे सुरुवातीच्या बेसपासून मागे मोजलेले). अल्फाचं एक टोक लवचीक दोरीने बांधल्यासारखं मोकळं लोंबत असतं आणि ते -३५ च्याही मागच्या डीएनएला चाचपू शकतं. हे लोंबतं टोक विसरू नका, पायरी ५ मध्ये सगळी मजा त्याचीच आहे.

पायरी २: प्रमोटर कागदावर उतरवा

आरएनएचं पहिलं अक्षर ज्या बेसपासून बनतं तो +१. त्याच्या मागचे -१, -२ असे मोजत जायचे. शून्य नावाचा बेस नाही! मी एकदा अख्खा आठवडा एका बेसने चुकीचे आकडे काढत होतो, कारण मधे शून्य मोजत होतो. हसू येईल, पण ही चूक प्रत्येक जण एकदा तरी करतो.

आता ई. कोलायचा लॅक प्रमोटर (लॅक्टोज ही दुधातली साखर वापरणाऱ्या जनुकांचा) सात ओळींत लिहून घ्या. एकाच धाग्याची अक्षरं देतो आहे.

पहिली ओळ: टी जी टी जी ए जी टी टी ए जी सी टी सी ए सी टी
दुसरी: सी ए टी टी ए जी जी सी ए सी सी सी सी ए जी जी सी
तिसरी: टी टी टी ए सी ए
चौथी: सी टी टी टी ए टी जी सी टी टी सी सी जी जी सी टी सी जी
पाचवी: टी ए टी जी टी टी
सहावी: जी टी जी टी जी जी
सातवी: ए ए टी टी जी टी जी ए जी सी जी जी ए टी ए ए सी ए ए टी टी

सातव्या ओळीचा पहिला ए म्हणजे +१. आरएनएची सुरुवात बहुधा ए किंवा जी नेच होते, आणि हा ए त्यात बसतो. +१ पासून मागे मोजत या: सहावी ओळ -१ ते -६, पाचवी -७ ते -१२, चौथी -१३ ते -३०, तिसरी -३१ ते -३६.

नेहमीच्या सिग्मा-७० ला सगळ्यात आवडणारी -१० ची खूण आहे टी ए टी ए ए टी, आणि -३५ ची टी टी जी ए सी ए. दोन्हींमधलं अंतर १७ बेसचं असावं. आता आपल्या कागदाशी ताडून बघा. -३५ मध्ये एक अक्षर चुकलंय, -१० मध्ये दोन चुकली आहेत, आणि मधलं अंतर १७ ऐवजी १८ आहे. म्हणजे हा प्रमोटर कच्चा आहे. पॉलिमरेज आपण होऊन इथे फारसं टिकणार नाही.

नवख्यांना वाटतं की उत्क्रांतीने इथे ढिलाई केली. तसं नाही. ज्या प्रमोटरला मदतनिसाच्या तालावर नाचवायचं आहे तो मुळात कच्चाच असावा लागतो. पक्का असता तर मदतीची गरजच पडली नसती. याचा पुरावाही हाताशी आहे: यूव्ही५ नावाच्या उत्परिवर्तित लॅक प्रमोटरमध्ये -१० ची ती दोन अक्षरं बदलून नेमकी टी ए टी ए ए टी झालेली आहेत, आणि तो प्रमोटर मदतनिसाशिवायही जोरात चालतो.

पायरी ३: सुरुवातीचे टप्पे मनात बसवा

सुरुवात ही एकच घटना नसते. आधी पॉलिमरेज प्रमोटरवर येऊन बसतं आणि डीएनए अजून मिटलेलाच असतो. याला बंद संकुल म्हणतात. मग -११ पासून साधारण +२ पर्यंतचे दोन धागे सुटे होतात. धागे सोडवताना सिग्मा -११ चा ए आणि -७ चा टी ही दोन अक्षरं बाहेर वळवून आपल्या खोबणीत धरून ठेवतो. हे खुलं संकुल. नेहमीच्या सिग्माला यासाठी एटीपी (पेशीचं इंधन) मोडावं लागत नाही.

पुढचा टप्पा फार गमतीचा आहे. पॉलिमरेज आरएनए बनवायला लागतं, पण जागा सोडत नाही. पुढचा डीएनए ओढून स्वतःच्या पोटात गोळा करत राहतं आणि अनेकदा काही अक्षरांचा तुकडा बनवून तो टाकून देतं, की पुन्हा पहिल्यापासून. पोटात डीएनए गोळा करण्याची ही गोष्ट २००६ मध्ये एकेका रेणूवर प्रयोग करून दाखवली गेली. तुकडा पुरेसा लांब झाला की पॉलिमरेजची प्रमोटरवरची पकड सुटते आणि ते पुढे निघतं. याला प्रमोटर-मुक्ती म्हणू.

हे टप्पे खरोखर वेगळे आहेत हे औषधंही दाखवून देतात. फिडॅक्सोमायसिन खुलं संकुल बनूच देत नाही. रिफॅम्पिसिन मात्र धागे सुटू देतं, दोन-तीन अक्षरंही जोडू देतं, आणि मग वाढत्या आरएनएची वाट अडवतं. यंत्र एकच, पण अडवण्याच्या जागा दोन. जीवाणूचे स्वतःचे नियंत्रकही असेच निरनिराळ्या टप्प्यांवर हात घालतात.

पायरी ४: अडवणारा शोधा

सातवी ओळ पुन्हा बघा. पहिली पाच अक्षरं ए ए टी टी जी. शेवटची पाच सी ए ए टी टी. समोरच्या धाग्यावर उलट्या दिशेने वाचलीत तर तीही ए ए टी टी जी होतात. असं आरशातलं प्रतिबिंब दिसलं की सावध व्हा: इथे बहुधा जोडीने काम करणारं प्रथिन बसतं, डावा अर्धा एकासाठी आणि उजवा दुसऱ्यासाठी. हा लॅकचा मुख्य ऑपरेटर, म्हणजे रिप्रेसर या अडवणाऱ्या प्रथिनाची जागा, +१ ते +२१, मध्य +११ वर.

खुलं संकुल बनवून बसलेलं पॉलिमरेज साधारण -५५ पासून +२० पर्यंतचा डीएनए व्यापतं. ऑपरेटर त्याच्याच जागेत आहे. तिथे रिप्रेसर बसलेला असला की दोघांना एकत्र मावताच येत नाही. म्हणून अनोळखी प्रमोटरमध्ये अशी प्रतिबिंबाची जागा -३५ आणि +२० यांच्या मधे सापडली, तर पहिला अंदाज ‘रिप्रेसर’ असा बांधायला हरकत नाही.

फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी १९६१ मध्ये ऑपरॉनची कल्पना मांडली तेव्हा रिप्रेसर कोणी पाहिलेला नव्हता, तो तर्काने ओळखलेला होता. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्यूलर-हिल यांनी तो वेगळा काढून दाखवला. ते काम कठीण होतं, कारण एका पेशीत या रिप्रेसरचे जेमतेम दहाएक रेणू असतात.

इतक्या थोड्या रेणूंनी एवढा कडक पहारा कसा होतो? लॅक रिप्रेसर चार घटकांचा असतो, म्हणजे दोन जोड्या, म्हणजे दोन हात. एका हाताने मुख्य ऑपरेटर धरायचा आणि दुसऱ्या हाताने लांबचा एखादा पर्यायी ऑपरेटर. एक पर्यायी ऑपरेटर -८२ च्या आसपास आहे, दुसरा तर लॅक-झेड या लॅक्टोज मोडणाऱ्या विकराच्या जनुकाच्या आतच, सुमारे ४०० बेस पुढे. मधल्या डीएनएचं वेटोळं होतं. एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, त्यामुळे रिप्रेसर लांब जाऊच शकत नाही. दोन्ही पर्यायी ऑपरेटर काढून टाकले तर दमन पन्नासपटीहून जास्त ढिलं पडतं. म्हणून एकच जागा सापडली की शोध थांबवू नका, मागेपुढे काहीशे बेस चाळा.

एक चूक सगळीकडे दिसते: ‘लॅक्टोज रिप्रेसरला चिकटतं’. पेशीत रिप्रेसरला चिकटून त्याला डीएनएवरून सोडवणारा रेणू लॅक्टोजपासून बनलेला अॅलोलॅक्टोज असतो, आणि तो बनवायला लॅक-झेडचंच विकर लागतं. म्हणजे कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आत! हे चालतं कारण दमन कधीच शंभर टक्के नसतं. अधूनमधून रिप्रेसर सुटतो, थोडं विकर बनतं, आणि तेवढं पुरतं.

पायरी ५: मदतनीस शोधा

आता पहिली ओळ. सुरुवातीला टी जी टी जी ए, मग सहा अक्षरं, मग टी सी ए सी टी. पुन्हा प्रतिबिंब, पण एका अक्षराने हुकलेलं. शेवटचा टी जर ए असता तर ते तंतोतंत जुळलं असतं. ही सीआरपी या प्रथिनाची जागा. मध्य काढा: -६१ आणि -६२ यांच्या बरोबर मधे, म्हणून -६१.५ असं लिहितात.

इथे जागेचा अर्थ वेगळा लागतो. हे प्रथिन पॉलिमरेजच्या वाटेत नाही, त्याच्या मागे शेजारी बसलंय. अल्फाचं ते लोंबतं टोक आठवा. सीआरपी त्याला पकडतं आणि पॉलिमरेजला कच्च्या प्रमोटरवर धरून ठेवतं. दुसऱ्या काही प्रमोटरवर सीआरपीची जागा -४१.५ ला असते, म्हणजे -३५ च्या खुणेवरच. तिथे ते अल्फाशिवाय पॉलिमरेजच्या इतर भागांनाही स्पर्श करतं.

डीएनएचा पीळ साधारण साडेदहा बेसला एक फेरा पूर्ण करतो. सीआरपीची जागा -६१.५ वरून -७२.५ किंवा -८२.५ वर सरकवली तरी काम चालतं, जोर कमी होतो इतकंच. पण अर्धाच फेरा सरकवली तर प्रथिन पिळाच्या दुसऱ्या बाजूला जातं, पॉलिमरेजकडे पाठ करून बसतं, आणि मदत थांबते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका प्रयोग हाच आहे.

मदत कोणत्या टप्प्याला होते हेही तपासण्यासारखं आहे. लॅकवर सीआरपी मुख्यतः पहिल्या टप्प्याला, म्हणजे पॉलिमरेज येऊन बसण्याला हातभार लावतं. लॅम्डा विषाणूचा सीआय रिप्रेसर स्वतःच्याच जनुकाच्या प्रमोटरवर मदतनीस म्हणून काम करतो, पण तिथे तो सिग्माला स्पर्श करून बंद संकुलाचं खुलं संकुल होण्याचा वेग वाढवतो. दोघांनाही तक्त्यात ‘अॅक्टिव्हेटर’ म्हणतात. करतात मात्र वेगळं.

सीआरपी डीएनएवर बसायला चक्रीय एएमपी हा छोटा संदेश-रेणू लागतो, आणि ग्लुकोज कमी झालं की तो वाढतो. म्हणून ‘ग्लुकोज असताना लॅक बंद कारण चक्रीय एएमपी नाही’ असं सर्रास शिकवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ग्लुकोज आत येत असताना त्याच्या वाहतुकीतलं एक प्रथिन लॅक्टोज आत आणणाऱ्या दाराला, म्हणजे लॅक-वायला, अडवून धरतं. लॅक्टोज आतच येत नाही, मग किल्ली बनायची कशी? ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही समोर असताना जीवाणू आधी ग्लुकोज संपवतो, त्यात या अडवणुकीचा वाटा मोठा आहे.

पायरी ६: खुणाच सापडत नसतील तर सिग्मा बदलून बघा

कधीकधी -१० आणि -३५ जवळ ओळखीचं काहीच दिसत नाही. घाबरू नका. ई. कोलायमध्ये सात सिग्मा आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी. गाभे मोजके असल्याने सिग्मांमध्ये त्यांच्यासाठी चढाओढ असते. एखादा सिग्मा वाढवणं किंवा बांधून ठेवणं म्हणजे एका फटक्यात शेकडो प्रमोटरचं नियंत्रण करणं.

बांधून ठेवण्याचं सर्वांत देखणं उदाहरण कशाभिकेचं, म्हणजे जीवाणूच्या पोहण्याच्या शेपटीचं. शेपटीचा लांब दोर बनवणारं प्रथिन सिग्मा-२८ च्या हुकमाने बनतं. पण बुडाची मोटर आणि हुक तयार व्हायच्या आधी दोर बनवून उपयोग काय? म्हणून एफएलजीएम नावाचं प्रतिसिग्मा प्रथिन सिग्मा-२८ ला मिठीत धरून ठेवतं. हुक पूर्ण झाला की त्याच पोकळ नळीतून एफएलजीएम पेशीबाहेर टाकलं जातं. सिग्मा मोकळा होतो, दोराची जनुकं सुरू होतात. बांधकाम कुठपर्यंत आलं हे पेशी असं तपासते.

-२४ ला जी जी आणि -१२ ला जी सी दिसलं तर मामला सिग्मा-५४ चा आहे, आणि तिथे आतापर्यंतचे नियम उलटतात. या सिग्मासह पॉलिमरेज प्रमोटरवर छान बसतं, पण तसंच मिटलेलं राहतं. धागे आपणहून सुटत नाहीत. शंभरेक बेस मागे बसलेलं एनटीआरसीसारखं प्रथिन डीएनएचं वेटोळं करून पुढे येतं आणि एटीपी मोडून संकुल उघडतं. इथे -६१.५ वगैरे हिशेब लावू नका.

पायरी ७: फसवणाऱ्या जागा

जागेवरून बांधलेला अंदाज दोनदा तरी तुम्हाला तोंडघशी पाडेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पाऱ्याला प्रतिसाद देणारा एमईआरआर थेट -३५ आणि -१० च्या मधे बसतो. वर दिलेल्या नियमाने तो रिप्रेसर ठरायला हवा, आणि पारा नसताना असतोही. पण त्या प्रमोटरमधलं अंतर १९ बेसचं आहे, दोन खुणा पिळाच्या नीट जुळणाऱ्या बाजूंना येतच नाहीत. पारा मिळाला की एमईआरआर जागा न सोडता डीएनएला थोडा उलटा पीळ देतो, खुणा पॉलिमरेजला सोयीच्या होतात, आणि तोच अडवणारा मदतनीस बनतो.

दुसरा अॅरा-सी. अरॅबिनोज नसताना तो एकमेकींपासून लांब असलेल्या दोन जागा धरून २१० बेसचं वेटोळं करून ठेवतो. अरॅबिनोज मिळालं की लांबची जागा सोडून शेजारची पकडतो आणि प्रमोटरला ढकल देतो. त्याला ‘धन की ऋण’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

आणि काही प्रमोटरवर डीएनएला चिकटणारं प्रथिन शोधूनही मुख्य गोष्ट हाती लागत नाही. रायबोसोमच्या आरएनएचे प्रमोटर भरभराटीच्या दिवसांत सेकंदाला साधारण एकदा सुरू होतात, पण त्यांचं खुलं संकुल फार अल्पजीवी असतं. उपासमार झाली की पीपीजीपीपी हा छोटा रेणू आणि डीकेएसए हे प्रथिन थेट पॉलिमरेजलाच चिकटतात. आधीच डळमळीत असलेलं खुलं संकुल आणखी डळमळतं, आणि हे प्रमोटर सर्वांत आधी बंद पडतात. -१० आणि +१ च्या मधे जी-सी ची गर्दी दिसली तर ही शक्यता मनात ठेवा.

पायरी ८: कागदावरून प्रयोगाकडे

इथवर जमवलेला सगळा अंदाजच आहे. तपासताना क्रम पाळा. आधी +१ प्रयोगाने पक्का करा, कारण तो चुकला तर सगळे आकडे चुकतात. मग प्रमोटर लॅक-झेडला जोडा. त्या विकराने ओएनपीजी हे रसायन मोडलं की पिवळा रंग येतो, तो ४२० नॅनोमीटरला मोजता येतो. मग दोन स्वतंत्र बदल करा: एकात नियंत्रकाचं जनुक काढा, दुसऱ्यात त्याची डीएनएवरची जागा बिघडवा. दोन्हींचा परिणाम सारखाच आला तर तुमचा अंदाज बळकट होतो. फक्त नियंत्रक काढल्यावर फरक पडतो आणि जागा बिघडवल्यावर पडत नाही, असं झालं तर तो नियंत्रक बहुधा दुसऱ्याच कोणामार्फत काम करतोय.

आणि नियंत्रक काढूनही थोडं नियंत्रण उरलं तर? प्रयोग फसला असं लगेच मानू नका. ट्रिप ऑपरॉनचा (ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या जनुकांचा) रिप्रेसर काढून टाकला तरी ट्रिप्टोफॅनचा परिणाम पूर्ण जात नाही. रिप्रेसर साधारण ७० पट फरक पाडतो, आणि त्यावर आणखी सुमारे १० पट फरक +१ च्या पुढे पडतो. तिथे १४ अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या प्रथिनात ट्रिप्टोफॅनचे दोन संकेत शेजारी-शेजारी आहेत. रायबोसोम त्या दोन संकेतांवर अडखळला की नाही, यावरून पॉलिमरेज पुढे जायचं की थांबायचं ते ठरतं. तेव्हा पेन्सिल सातव्या ओळीच्या पलीकडे न्या आणि पुढचे दोनेकशे बेसही लिहून काढा.